वडगावला परत मिळालेली साष्टी

१६ जानेवारी १७७९ या दिवशी मावळातल्या वडगावात इंग्रजांनी एका कागदावर सही केली. त्या कागदानुसार अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर पुन्हा पेशव्यांच्या मुलखात जायला हवी होती. अर्थात कागदावर ही नावं नव्हती. कागदात होती साष्टी. वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंत आणि वेसाव्यापासून ठाण्याच्या खाडीपर्यंत पसरलेलं हे बेट म्हणजेच आजची मुंबईची जवळजवळ सगळी उपनगरं. वडगावची लढाई आपण शाळेत शिकलो ती महादजी शिंद्यांच्या पराक्रमाची गोष्ट म्हणून, आणि ते ठीकच आहे. पण भांडण कोणत्या जमिनीवरून सुरू झालं होतं, हे उपनगरातल्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही.

मुंबई म्हणजे तेव्हा माहीम आणि शीव इथे संपणारं गाव. त्यापलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे परका मुलूख. साष्टी १५३४ च्या तहाने वसईबरोबर पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ मध्ये चिमाजीआप्पांनी वसई घेतली आणि साष्टीवर भगवा लागला. इंग्रजांना हे फार डाचत होतं. मुंबई बेटावर पिकत होतं थोडं आणि खाणारी तोंडं वाढत होती. भात, भाजीपाला, गुरांचा चारा, सगळं खाडीपलीकडून येई. ठाण्याचा किल्ला ज्याच्या हाती, त्याच्या हाती कल्याणकडून येणारा जलमार्ग. त्यातून साष्टीतून माहीमवर चाल करायला शत्रूला एक खाडी ओलांडली की पुरे. कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी साष्टी आणि वसई मिळवण्याचा धोशाच लावला होता. १७७२ मध्ये टॉमस मॉस्टिन या अधिकाऱ्याला पुण्याला वकील म्हणून पाठवलं, त्यामागेही हाच हेतू होता. पेशवे दरबारने ते मागणं कधीच मानलं नाही.

मग १७७३ च्या ऑगस्टअखेर पेशवे नारायणरावांचा खून झाला, पुण्यात कारभाऱ्यांचं आणि नारायणरावांचे काका राघोबादादा यांचं वाकडं आलं, आणि मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याला संधी दिसली. पोर्तुगीजांचं आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी बातमी मुंबईत आली, तेवढं निमित्त पुरलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजी फौज ठाण्यावर गेली. २७ तारखेचा पहिला हल्ला किल्ल्यातल्या लोकांनी परतवला, इंग्रजांची शंभरेक माणसं पडली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला आणि आत शिरलेल्या सैन्याने शिबंदीची कत्तल केली. इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन या वेढ्यात जखमी होऊन मेला. वेसाव्याचा किल्लाही त्याच सुमारास गेला. ठाण्याचा तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. वेसाव्याचा, म्हणजे आपण ज्याला मढचा किल्ला म्हणतो तो, हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि लोक तो सिनेमातच जास्त पाहतात.

थोडक्यात, साष्टी इंग्रजांनी आधी बळकावली आणि मग तिच्यासाठी कागद शोधायला निघाले. कागद द्यायला राघोबादादा तयारच होते. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार सैन्य द्यायचं, दादांना पेशवेपदावर बसवायचं, आणि दादांनी साष्टी, वसई आणि गुजरातेतले काही महाल लिहून द्यायचे. जे आपल्या हातात नाही ते उदारपणे देऊन टाकण्याची रीत राजकारणात जुनीच आहे.

पण कलकत्त्याला हे पसंत पडलं नाही. १७७३ च्या कायद्याने मुंबई आता बंगालच्या वरिष्ठ सरकारच्या हुकमतीखाली आली होती आणि त्या सरकारला न विचारता मुंबईने युद्ध ओढवून घेतलं होतं. कलकत्त्याने कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. साष्टी इंग्रजांकडेच ठेवली, पण दादांना मदत करायची नाही असं ठरलं. मुंबईकरांनी तो तह एक दिवसही मनापासून पाळला नाही. दादा त्यांच्याच आश्रयाला राहिले.

पुढचं वळण थेट अमेरिकेतून आलं. अमेरिकन वसाहती इंग्लंडशी लढत होत्या, १७७७ च्या ऑक्टोबरात साराटोगाला एक अख्खी इंग्रज फौज शरण गेली, आणि त्यानंतर फ्रान्सने उघडपणे अमेरिकेची बाजू घेतली. इकडे पुण्यात सेंट ल्यूबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ येऊन बसला होता आणि पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस त्याचा मोठा मान ठेवत होते. हा माणूस फ्रान्सचा खरा वकील होता की नुसता बोलघेवडा, याबद्दल त्या काळीही शंका होती. पण नानांना इंग्रजांना घाबरवायचं होतं आणि त्यासाठी तो पुरेसा होता. कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जला वाटू लागलं की पश्चिमेत गेलेली अब्रू पूर्वेत भरून काढायला हवी. त्याने कर्नल लेस्लीच्या हाताखाली, आणि लेस्ली मेल्यावर गॉडर्डच्या हाताखाली, एक मोठी फौज काल्पीहून जमिनीच्या मार्गाने मुंबईच्या मदतीला धाडली. म्हणजे दूर अमेरिकेत एक सेनापती हरला आणि त्याचा धक्का फिरत फिरत बोरघाटाला लागला.

१७७८ च्या वसंतात मुंबईकरांना खरी संधी होती. नानांचेच चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी दादांच्या बाजूने उठाव केला होता. कारभारी सखारामबापू आणि सरदार तुकोजी होळकर त्यांच्या मागे होते. त्यांनी इंग्रजांना दादांना घेऊन या असा निरोप धाडला. मुंबईच्या कौन्सिलात चर्चा झाली, पत्रं झाली, तयारीचे हुकूम निघाले, आणि तेवढ्यात महादजी शिंदे पुण्याला येऊन पोचले. जुलैत मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. होळकर वळले. ज्यांच्या भरवशावर मोहीम आखली होती ती माणसंच पटावरून उठली. कोणत्याही शहाण्याने इथे थांबायला हवं होतं. मुंबईकरांनी पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात मोहीम काढली. गॉडर्ड येण्याची वाटही पाहिली नाही. बंगालची फौज येऊन पोचली असती तर श्रेयही बंगालच्या नावावर गेलं असतं, हे हॉर्नबीच्या मनात नसेल असं मला वाटत नाही.

२४ नोव्हेंबरला दादांशी नवा करार झाला. सुमारे ३,९०० सैन्य, त्यात सहाशेच्या आसपास गोरे, बाकी मुंबईचे शिपाई आणि तोफखान्याचे लस्कर. सेनापती कर्नल चार्ल्स एजर्टन, प्रकृतीने थकलेला आणि या देशातल्या युद्धाचा अनुभव नसलेला. पण त्यालाही पूर्ण अधिकार नव्हता. मोहीम चालवायला तिघांची समिती नेमली होती: एजर्टन, जुना बंगालवाला जॉन कार्नाक आणि पुण्याचा माहितगार मॉस्टिन. युद्धाच्या मैदानात समिती म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. समितीचा अध्यक्ष या नात्याने लष्करी सलामीचा मान कुणाला, यावरून कार्नाक आणि एजर्टन यांची जुंपली. मॉस्टिन आजारी पडला, मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ ला वारला. पुण्यातल्या माणसांची नस ठाऊक असलेला एकच जण होता, तोही असा गेला.

सुरुवात मात्र झोकात झाली. कॅप्टन स्ट्यूअर्ट आघाडीची तुकडी घेऊन २२ नोव्हेंबरला निघाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोरघाट चढून खंडाळ्याला जाऊन बसला. मोठी फौज होड्यांनी पनवेलला उतरली, बेलापूरचा किल्ला घेतला, आणि मग तिचा वेग संपला. घाटात तोफा चढवायला रस्ता करायचा होता. अख्खी फौज खंडाळ्याला गोळा व्हायला २३ डिसेंबर उजाडला. स्ट्यूअर्टने महिनाभर घाटमाथा धरून ठेवला होता. त्या महिन्यात पुण्याने काय काय केलं असेल याचा अंदाज कुणालाही करता यावा.

आता या फौजेचं चालणं पाहा. तोफा, दारूगोळा, धान्य आणि साहेबलोकांचं सामान वाहायला १९,००० बैल होते. एकोणीस हजार! लढणाऱ्या एकेका माणसामागे जवळजवळ पाच बैल. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतचा मावळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या अरुंद वाटेवर एवढी जनावरं डोळ्यांपुढे आणावीत. ती ओळीने चालवायची तर पुढचा बैल एका गावात आणि शेवटचा मागच्या गावात. त्यांना चारा हवा, पाणी हवं, आणि सगळ्यांना शत्रूच्या घोडेस्वारांपासून जपायला हवं. म्हणून एजर्टनने फौजेचे दोन भाग केले. पुढचा भाग अर्धा-पाऊण मैल सरके, थांबे, मग मागचा भाग त्याच्या सोडलेल्या जागेवर येई. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंत आठ मैल. त्याला अकरा दिवस लागले. आज लोकलने लोणावळ्याहून मळवलीला पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात ही फौज कदाचित बैल जुंपून तयार होत असावी.

समोरून मराठे येत नव्हते. येत होते ते बाजूंनी आणि मागून. भिवराव पानशांच्या तोफा टेकाडामागून डोकवायच्या, गोळे टाकायच्या आणि जागा बदलायच्या. घोडेस्वार वैरण आणायला निघालेल्या माणसांना कापायचे, पनवेलच्या वाटेवरची टपालं अडवायचे. मोठी लढाई द्यायचीच नाही, असं मराठ्यांनी ठरवलं होतं. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्याने मारला गेला. या फौजेतला तो सर्वांत धडाडीचा अधिकारी, आणि मराठ्यांनाच त्याचं कौतुक जास्त. त्याला ते इष्टूर फाकडा म्हणत. त्याचं थडगं वडगावात आजही दाखवतात. आपल्यावर चाल करून आलेल्या परक्याला शौर्याबद्दल असं नाव देणं, हे त्या काळच्या शिपाईगिरीचं एक अंग होतं. हल्लीच्या आपल्या इतिहासप्रेमात ते फारसं दिसत नाही.

दोन दिवसांनी एजर्टन आजारी पडला. मुंबईला परत जायला निघाला, तर पनवेलची वाट मराठ्यांनी बंद केलेली. बिचारा छावणीतच परतला. सेनापतिपद कर्नल कॉकबर्नकडे गेलं, समितीत मात्र एजर्टन राहिला.

या सगळ्या दिवसांत दादांची माणसं कुठे होती? मोहिमेचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा होता: घाट चढून दादांचं निशाण दिसलं की मराठे सरदार धडाधड येऊन मिळतील. एकही नावाजण्यासारखा सरदार आला नाही. कार्नाकने विचारलं की म्हणे आधी एखादा विजय मिळवा, मग येतील. आणि विजय मिळवायचा तर ते यायला हवे होते. दादा अटकेपार गेलेले, कर्तबगार सेनापती, पण नारायणरावांच्या खुनानंतर लोकांच्या मनातून उतरलेले. नारायणरावांच्या पुरंदरावर जन्मलेल्या मुलाच्या, सवाई माधवरावांच्या, म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या नावाने अख्खा दरबार एक झाला होता. हे मुंबईत बसून दिसलं नाही, कारण मुंबईत दादा रोज भेटत होते आणि पुणेकर भेटत नव्हते.

असं फसणारे इंग्रज पहिले नव्हते आणि शेवटचेही नव्हते. दक्षिण अमेरिकेतलं एक उदाहरण तर या गोष्टीशी इतकं मिळतंजुळतं आहे की ते इथे सांगायलाच हवं. १८१० च्या मे महिन्यात ब्यूनोस आयर्समध्ये स्पॅनिश व्हाइसरॉयला हटवून क्रांतिकारकांनी सत्ता घेतली आणि आसपासच्या प्रांतांना आपल्याबरोबर या असं कळवलं. पाराग्वायने नकार दिला. तिथे पाठवलेला कर्नल एस्पिनोला, स्वतः पाराग्वायचाच पण तिथल्या लोकांना नकोसा झालेला, परत येऊन म्हणाला की आतून पुष्कळ लोक आपल्या बाजूचे आहेत, दोनशे माणसं पाठवली तरी काम होईल. ब्यूनोस आयर्सने मान्वेल बेल्ग्रानोला धाडलं. बेल्ग्रानो पेशाने वकील होता, सेनापती झाला तो क्रांतीमुळे. वाटेत माणसं मिळून हजाराच्या घरात फौज झाली. डिसेंबरात ती पाराना नदी ओलांडून आत शिरली आणि पुढे पुढे गेली, तर गावं ओस, घरं रिकामी, गुरं हाकून नेलेली. स्वागताला कुणी नाही. १९ जानेवारी १८११ ला पाराग्वारी इथे पाराग्वायच्या फौजेने त्याला हरवलं. तिथला स्पॅनिश गव्हर्नर लढाई सुरू होताच पळाला होता. लढले ते स्थानिक अधिकारी. ९ मार्चला ताक्वारी नदीवर पुन्हा हार झाली. मग बोलणी झाली आणि विजेत्या काबान्यासने बेल्ग्रानोला उरलेल्या फौजेसह सन्मानाने जाऊ दिलं. यातली गंमत पुढे आहे. दोन महिन्यांत, मे १८११ मध्ये, पाराग्वायच्या त्याच अधिकाऱ्यांनी स्पेनची सत्ता स्वतःहून झुगारली, पण ब्यूनोस आयर्सच्या हाताखाली जायचंही नाकारलं. त्यांना स्वातंत्र्य हवंच होतं. फक्त बाहेरून कुणी फौज घेऊन ते द्यायला येऊ नये, एवढंच.

पाराग्वायचा धडा मावळाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तिकडे बाहेरून येणारे निदान स्वातंत्र्याचं नाव घेत होते, इकडे कंपनीला जमीन हवी होती. पण घर सोडून आलेल्या माणसाच्या तोंडून त्या घराचा कौल समजून घेणं, ही चूक दोन्हीकडे एकच आहे.

तर, मावळात परत येऊ. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले आणि त्यांना काय दिसलं? जळलेलं गाव. मराठ्यांनी धान्य हलवलं होतं, वैरण पेटवली होती. आणि खबर अशी होती की चिंचवडही जाळायचं ठरलंय, वेळ पडली तर खुद्द पुण्यालाही काडी लावायची तयारी आहे. पुणं आता तीसेक किलोमीटरवर होतं. फौजेकडे अठरा दिवस पुरेल इतकं धान्य होतं. शिपाई अजून एकही लढाई हरले नव्हते. पण समितीचं मन हरलं होतं. दोन दिवस खल झाला. एक-दोन दिवस थांबा, बोलणी करून पाहू, असं दादा विनवत राहिले. ११ तारखेला माघारीचा निर्णय झाला.

रात्री अकराच्या सुमारास मोठ्या तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, नेता येणार नाही ते सामान पेटवलं आणि फौज गुपचूप निघाली. काळोखात हजारो बैल आणि नोकर-चाकरांसह गुपचूप निघणं म्हणजे काय, ते समितीलाच ठाऊक. त्यातून जाळलेल्या सामानाचा उजेड. पहाटे दोनच्या सुमारास मराठ्यांनी आघाडीवर हल्ला केला, सामानसुमान लुटलं आणि मग सगळा जोर पिछाडीवर आणला. तिथे कॅप्टन हार्टले होता, सहा कंपन्या देशी शिपायांसह. त्या दिवशी कंपनीची अब्रू वाचली असेल तर ती या शिपायांमुळे. दुपारपर्यंत त्यांनी हल्ल्यांवर हल्ले परतवले, परत फिरायचा हुकूम येऊनही फळी मोडू दिली नाही. लढणारे दोन्हीकडचे लोक याच मुलखातले होते, हे आपण विसरतो. १२ तारखेच्या संध्याकाळी फौज वडगावात शिरली. १३ ला सकाळी गावाभोवती मराठ्यांच्या तोफा लागल्या. साडेतीनशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, त्यात पंधरा गोरे अधिकारी. हार्टले म्हणत होता, अजून लढत घाट गाठता येईल. कॉकबर्नने जबाबदारी घ्यायला नकार दिला.

मग समितीने आपला सेक्रेटरी फार्मर याला बोलणी करायला पाठवलं. नानांची पहिली मागणी: राघोबादादा आमच्या हवाली करा. इंग्रजांची पंचाईत झाली, पण ती दादांनीच सोडवली. ते स्वतः होऊन महादजींच्या स्वाधीन झाले. ज्याच्यासाठी मोहीम काढली तोच शत्रूकडे गेला, आता उरला फक्त तह. समितीने जुना डाव टाकला: आम्हाला तह करायचा अधिकारच नाही, तो कलकत्त्याला आहे. यावर मराठ्यांकडून आलेला सवाल लाजवाब आहे. अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, तो आधी दाखवा. समितीकडे याला उत्तर नव्हतं.

तहाच्या अटी स्पष्ट होत्या. १७७३ पासून इंग्रजांनी घेतलेला सगळा मुलूख परत, म्हणजे ठाणं, साष्टी, कारंजा बेट आणि गुजरातेतले महाल. बंगालहून येणारी फौज परत फिरवायची. इंग्रजांचा भडोचमधला वाटा महादजींना. शिवाय महादजींच्या लोकांना बक्षिशीदाखल ४१,००० रुपये. हमी म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्यूअर्ट (हा वेगळा, जिवंत स्ट्यूअर्ट) ओलीस ठेवले. बाकीच्या फौजेला मराठ्यांनी राखणीला माणसं देऊन घाटाखाली पोचवलं.

आणि घाट उतरताच समितीने पहिलं काम काय केलं? गॉडर्डला परत फिर असं जे पत्र लिहायचं होतं, ते तहाप्रमाणे गेलं होतं. त्याच्या मागोमाग, त्याकडे लक्ष देऊ नकोस असं दुसरं पत्र गेलं. जानेवारीअखेर बऱ्हाणपुरात पोचलेल्या गॉडर्डच्या हाती अशी एकमेकांना छेद देणारी पत्रं पडली. माणूस हुशार होता. काहीतरी बिनसलंय एवढं ओळखून त्याने मुंबईचा नेम सोडला, सुरतेकडे वळला आणि २६ फेब्रुवारीला तिथे पोचला. हॉर्नबीने तह नाकारला, कारण समितीला तो करायचा अधिकार नव्हता. कलकत्त्यानेही नाकारला. एजर्टन, कॉकबर्न आणि कार्नाक यांना नोकरीतून काढलं. हार्टलेला बढती दिली. साष्टी द्यायचं नाव कुणी काढलं नाही.

इथे मला माझं मत सांगायला हवं. वडगाव म्हणजे मराठ्यांचा विजय, यात शंका नाही. मोठी लढाई न देता, शत्रूची रसद तोडून आणि पायाखालची जमीन काढून घेऊन मिळवलेला तो विजय युद्धशास्त्राच्या पुस्तकात शोभावा असा आहे. पण विजयाचं फळ म्हणजे साष्टी, आणि ती हातात पडायच्या आधीच फौज सोडून दिली. दोन ओलीस आणि एक कागद यांच्या भरवशावर! ज्यांनी पुरंदरचा तह तीन वर्षंही पाळला नव्हता, त्यांच्या सहीवर. आधी ठाण्याच्या किल्ल्याच्या किल्ल्या, मग घाट, असं म्हणता आलं असतं. बाजू मांडायची तर एवढंच की गॉडर्ड येत होता, हाती वेळ बेमुदत नव्हता, आणि नाना आणि महादजी यांना इंग्रजांकडून वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या. नानांना दादा आणि मुलूख हवा होता, महादजींना इंग्रजांच्या नजरेत आपण स्वतंत्र वजनाचे आहोत हे ठसवायचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच तहात बसवल्या आणि कमकुवत बाजू साष्टीची पडली. महादजींनी दादांनाही फार आवळून धरलं नाही. उत्तरेकडे नेत असताना वाटेत ते निसटले आणि त्याच उन्हाळ्यात सुरतेला गॉडर्डकडे पोचले.

पुढे तीन वर्षं युद्ध चाललं. डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली, आणि दुसऱ्याच दिवशी दुगाडजवळ मराठा सरदार रामचंद्र गणेश कानडे हार्टलेच्या फौजेशी लढताना कामी आले. तोच हार्टले, वडगावच्या पिछाडीचा. बोरघाटातून पुण्याकडे जायचा प्रयत्न गॉडर्डनेही १७८१ मध्ये करून पाहिला आणि तोही घाटातूनच परतला. मावळाने दोन्ही वेळा आपलं काम केलं.

अखेर १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला. राघोबादादांना महिना २५,००० रुपये नेमणूक मिळाली. ते कोपरगावी जाऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी वारले. वसई आणि गुजरातेतला मुलूख मराठ्यांना परत मिळाला. वडगावला इंग्रज फौजेशी माणुसकीने वागल्याबद्दल भडोच महादजींना देण्यात आलं. नानांनी या तहावर शिक्का द्यायला डिसेंबरपर्यंत वेळ घेतला, हैदरअलीच्या मृत्यूची बातमी येईपर्यंत. पण एका कलमावर त्यांचाही इलाज चालला नाही: साष्टी, कारंजा, घारापुरी आणि शेजारचं एक छोटं बेट इंग्रजांकडेच राहील.